बोटीवरचं पाणी आणि वन्संची वही

जेवणाच्या टेबलाशी आम्ही दोघी नुकत्याच टेकलो होतो. काळ्या जाकिटातला वेटर अदबीनं वाकला आणि म्हणाला, ‘‘स्टिल ऑर स्पार्कलिंग?’’

मी वन्संकडे पाहिलं, वन्संनी माझ्याकडे. पाण्याचं विचारतोय एवढं कळलं. आपल्याकडे हॉटेलात बसलं की पोऱ्या आधी पाण्याचे ग्लास आदळतो आणि मग ‘काय आणू?’ म्हणतो. तसंच असेल, असं समजून मी ‘स्टिल’ म्हणून टाकलं. त्यानं बाटली फोडली, दोन्ही ग्लास भरले, माझं कार्ड नेलं, परत आणून दिलं आणि एका कागदावर सही घेतली. केबिनची नोंद ठेवत असतील, म्हणून मी आपली सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच, रात्री तेच. पाण्याला पैसे पडतात हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं.

पण त्याआधी आम्ही दोघी तिथे पोहोचलो कशा, ते सांगायला हवं.

वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या भगिनी. छत्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाल्या. भावोजी त्याच शाळेत भूगोलाचे शिक्षक. भिंतीवरच्या नकाशावर काठी टेकवून त्यांनी आयुष्यभर भूमध्य समुद्र शिकवला. ‘दोघंही रिटायर झालो की एकदा हा समुद्र डोळ्यांनी बघायचा,’ असं त्यांचं चाललेलं असे. २०२१ मध्ये भावोजी गेले. त्या सहलीसाठी म्हणून पोस्टात ठेवलेले पैसे तसेच राहिले. ते हातात आले तेव्हा वन्सं मला म्हणाल्या, ‘‘घरात बसून त्या पैशांचं काय करू? तू चल माझ्याबरोबर.’’ आमच्या ह्यांना रेवसची लाँचसुद्धा लागते, त्यामुळे त्यांनी आनंदानं परवानगी दिली! आणि २०२५च्या मे महिन्यात आम्ही दोघी निघालो. हे पैसे कुणाचे आणि कशासाठीचे होते, हे ठाऊक असल्यामुळे त्यातला एकेक रुपया मला जड वाटत होता.

पूर्वेची की पश्चिमेची?

भूमध्य समुद्रातल्या क्रूझचे ढोबळ दोन मार्ग. पश्चिमेकडच्या बोटी बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ, रोमसाठी चिविताव्हेकिया, नेपल्स, पालेर्मो आणि माल्टाची राजधानी व्हॅलेटा असा फेरा मारतात. पूर्वेकडच्या बोटी अथेन्सजवळचं पिरेअस, सँटोरिनी, मिकोनोस, तुर्कस्तानातलं कुशादासी, क्रोएशियाचं दुब्रोव्हनिक, मॉन्टेनेग्रोचं कोटोर अशा जातात.

निवड करताना पहिला प्रश्न व्हिसाचा. पश्चिमेकडचे बहुतेक देश शेंगेन व्हिसात येतात. क्रोएशियाही १ जानेवारी २०२३ पासून त्यात आलाय. पण तुर्कस्तान आणि मॉन्टेनेग्रो शेंगेनमध्ये नाहीत. बोट तिथे जाऊन पुन्हा ग्रीस किंवा इटलीत येणार असेल तर एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा लागतो. शेंगेन व्हिसाची फी २०२४च्या जूनपासून मोठ्या माणसांना ९० युरो झाली आहे आणि किमान ३० हजार युरोंचा प्रवासविमा सक्तीचा आहे.

दुसरी गोष्ट, बंदराचं नाव नीट वाचायचं. जाहिरातीत ‘रोम’ असतं, बोट लागते ती चिविताव्हेकियाला, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर. ‘फ्लोरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो. व्हेनिसच्या मुख्य कालव्यातून मोठ्या बोटींना २०२१च्या ऑगस्टपासून बंदी आहे, त्यामुळे ‘व्हेनिस’ लिहिलेली बोट मार्गेरा, ट्रिएस्ट किंवा रावेन्नालाही लागू शकते. तिथून शहरात जायचं भाडं आपल्या खिशातून.

तिसरी गोष्ट मोसमाची. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे सुट्ट्या, गर्दी आणि कडक ऊन. त्याच दिवसांत ग्रीसच्या एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा जोराचा वारा सुटतो, बोट लागणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. एप्रिल, मे, सप्टेंबर, ऑक्टोबर हे महिने सुखाचे आणि बऱ्याचदा स्वस्तही. ग्रीसनं २०२५च्या जुलैपासून क्रूझच्या प्रवाशांवर वेगळा करही बसवला आहे. उन्हाळ्याच्या ऐन मोसमात सँटोरिनी आणि मिकोनोसला तो माणशी २० युरो आहे.

आम्ही पश्चिमेचा सात रात्रींचा फेरा घेतला आणि केबिन आतली, बिनखिडकीची. ‘समुद्र बघायला वर डेक आहे की. झोपताना डोळे मिटलेलेच असतात,’ हा वन्संचा हिशेब.

सगळं त्यात आलं?

आमच्या एजंटनं छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘‘ताई, खाणं-पिणं सगळं त्यात आलं.’’ खाणं आलं होतं, हे खरं. सकाळपासून रात्रीपर्यंत बुफे, शिवाय रात्री रेस्टॉरंटमध्ये वाढलेलं जेवण. पिणं मात्र अर्धंच आलं होतं.

साधारण रीत अशी, की बुफेजवळच्या यंत्रातलं पाणी, साधा चहा आणि कॉफी फुकट. अमेरिकी कंपन्यांच्या बोटींवर रेस्टॉरंटमध्येही साधं पाणी मिळतं. काही युरोपीय कंपन्यांच्या बोटींवर मात्र रेस्टॉरंटमध्ये बाटलीच येते आणि तिचे पैसे पडतात. कॅपुचिनो, ताजा रस, कोला, मद्य, खोलीतल्या फ्रीजमधलं काहीही, हे सगळं पैशाचंच. शिवाय प्रत्येक बिलावर १५ ते २० टक्के सेवाशुल्क आपोआप चढतं. छापील किमतीवर कधीच भरवसा ठेवू नये.

बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. चढताना एक कार्ड मिळतं, तेच केबिनची किल्ली आणि तेच पाकीट. मागे आपलं क्रेडिट कार्ड जोडलेलं असतं किंवा रोख अनामत ठेवलेली असते. हातातून नोट जात नाही, त्यामुळे खर्च झाल्यासारखा वाटतच नाही. खरी गोम इथेच आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वन्सं सहज रिसेप्शनवर गेल्या आणि खात्याचा कागद मागून आणला. ५० युरो ६० सेंट! एक युरो शंभर रुपये धरला तरी पाच हजारांच्या वर. आम्ही दोघी मटकन खाली बसलो. मला तर रडूच कोसळायचं बाकी होतं. वन्संनी चष्मा लावला आणि पर्समधून वही काढली.

रोज पाण्याच्या दोन बाटल्या, तीन-तीन युरोंच्या. दुपारी दोघींची कॅपुचिनो, साडेतीन-साडेतीन युरो. म्हणजे दिवसाला १३, तीन दिवसांचे ३९. वर ५ युरोंचा संत्र्याचा रस, जो आम्ही घेतलेलाच नव्हता. एकूण ४४ आणि त्यावर १५ टक्के. वन्सं तशाच उठल्या, रिसेप्शनवरच्या मुलीला मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं आणि तो रस शुल्कासकट कमी करून आणला. उरले ४४ युरो ८५ सेंट.

पॅकेजचं गणित

‘‘पहिल्या दिवशी ती मुलगी पेयांचं पॅकेज देत होती, ते घ्यायला हवं होतं का हो?’’ मी विचारलं. त्या मुलीचा रंगीत कागद वन्संनी जपून ठेवला होता. त्यावर मद्याशिवायच्या पेयांचं पॅकेज होतं माणशी दिवसाला २२ युरो आणि मद्यासह ४५.

पॅकेजचे काही नियम बहुतेक कंपन्यांत सारखे असतात. ते एका दिवसाचं मिळत नाही, सगळ्या दिवसांचं घ्यावं लागतं. एकाच्या पॅकेजवर दुसऱ्यानं प्यायचं नाही. मद्याचं पॅकेज एकानं घेतलं तर त्या केबिनमधल्या सगळ्या मोठ्या माणसांना घ्यायला लावतात. म्हणजे नवऱ्याला हवं म्हणून लिंबूपाणी पिणाऱ्या बायकोचेही पैसे भरायचे! ठरावीक किमतीपेक्षा महाग पेय घेतलं तर वरचा फरक वेगळा. अमेरिकी कंपन्यांचं मद्याचं पॅकेज तर दिवसाला ७० ते १०० डॉलर किंवा त्याहूनही वर जातं.

वन्संनी गणित मांडलं. दोघींचं मद्याशिवायचं पॅकेज सात दिवसांचं ३०८ युरो. आणि आम्ही आत्ता केली तशीच उधळपट्टी सातही दिवस केली असती, तर शुल्कासकट होतात १०४ युरो ६५ सेंट. पॅकेजच्या तिसऱ्या हिश्शाला थोडं जास्त.

त्यांची युक्ती अगदी सोपी आहे. पॅकेजच्या एका दिवसाच्या किमतीला एका पेयाच्या किमतीनं भागायचं. ४५ युरोंचं पॅकेज आणि ९ युरोंचं पेय, म्हणजे रोज पाच पेयं घेतली तेव्हा कुठे पैसे वसूल. तेही रोज. आणि बोट बंदरात लागल्यावर आपण सात-आठ तास गावात असतो, हे धरून. ज्यांचं तेवढं पिणं असेल त्यांनी पॅकेज जरूर घ्यावं, बोटीवर चढण्याआधी घेतलं तर बहुधा स्वस्तही पडतं. आमच्यासारखीनं घेऊ नये.

त्या रात्रीपासून आम्ही बुफेत जेवायला लागलो. पाणी यंत्रातलं. कॅपुचिनो दिवसाला एकच, दोघींत. चहा टी-बॅगचा. वन्संनी घरून विजेची छोटी किटली आणली होती, पण आगीच्या भीतीनं बोटीवर तसलं काही चालत नाही, ती चढतानाच काढून ठेवली होती. रोममध्ये तर मजाच. तिथे रस्तोरस्ती ‘नासोने’ नावाचे बिडाचे नळ अखंड वाहत असतात. १८७०च्या दशकापासूनचे आहेत आणि पाणी पिण्याचं, थंडगार. ‘‘बोटीवर तीन युरो आणि इथे धर्मादाय!’’ म्हणत वन्संनी दोन्ही बाटल्या काठोकाठ भरल्या.

शेवटी आमचा पेयांचा खर्च झाला ६० युरो ९५ सेंट. पण त्याच बिलात आणखी एक आकडा होता: रोजचं सेवाशुल्क, माणशी १२ युरो, दोघींचे सात रात्रींचे १६८. एजंटनं त्याचा अवाक्षरानं उल्लेख केला नव्हता. युरोपीय बोटींवर ते साधारण १० ते १२ युरो आणि अमेरिकी बोटींवर १६ ते २० डॉलर असतं. बिल चुकवताना वन्संनी आधी स्वतः बेरीज केली, मगच मान डोलावली.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही डेकवर फुकटचा चहा घेऊन बसलो होतो. वन्संनी वहीतून शाळेच्या नकाशापुस्तकाचं एक पान काढलं. माल्टाच्या ठिपक्याभोवती भावोजींनी पेन्सिलीनं गोल केलेला होता. बराच वेळ त्या पाण्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘‘हे असते ना, तर पहिल्याच दिवशी त्या पोराला विचारलं असतं, बाबा रे, ह्याचे किती? आपणच लाजतो. आपल्याला अडाणी समजतील म्हणून गप्प बसतो आणि सही करतो.’’

मैत्रिणींनो, परवा आमच्या भिशीत एकीनं क्रूझचा विषय काढला, तेव्हा वन्संनी वहीतली ही यादी तिच्या हातात ठेवली. तुमच्यासाठीही देते.

बुकिंगपूर्वी एजंटला विचारा आणि उत्तर लेखी घ्या

• रेस्टॉरंटमध्ये पाणी फुकट की बाटलीचं? चहा-कॉफी कुठे फुकट?
• पेयांवर सेवाशुल्क किती टक्के? कर वेगळा पडतो का?
• पॅकेज केबिनमधल्या सगळ्यांना सक्तीचं आहे का? त्यात काय येत नाही?
• रोजचं सेवाशुल्क किती आणि ते भाड्यात धरलं आहे का?
• बोटीवरचं चलन कोणतं? आपल्या कार्डावर परदेशातले व्यवहार सुरू आहेत का आणि बँक त्यावर किती टक्के लावते?
• शाकाहारी किंवा जैन जेवणाची नोंद कंपनीकडे झाली का?
• बोट नेमक्या कोणत्या बंदरात लागते? शहर तिथून किती लांब?

आणि बोटीवर चढल्यावर रोज रात्री झोपण्याआधी खात्याचा कागद बघा. चूक त्याच दिवशी दाखवली तर लगेच सुधारून मिळते.