पंधरा, पाच की तीन? : पायथन ३.० आणि मराठीची अक्षरे

मोठ्या अभंगाचे माप वाचकांना ठाऊक आहे. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार. माझ्याकडे एका भजनी मंडळाच्या चोपड्यांतून उतरवलेले काहीशे अभंग होते, तीन वेगवेगळ्या माणसांनी टंकलेले. नकलताना कुठे अक्षर गळले, कुठे वाढले हे शोधायचे, तर प्रत्येक चरणाची अक्षरे मोजावीत आणि माप चुकलेले चरण बाजूला काढावेत, असा साधा बेत होता. मोजण्याचे काम मी संगणकाकडे सोपवले. पायथन ही संगणकभाषा मला जुजबी येत होती. चाचणी म्हणून तिला ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली. उत्तर आले, १५.

पुढे त्याच भाषेच्या नव्या आवृत्तीला तोच प्रश्न केला, तेव्हा उत्तर आले ५. आपण बोटांवर मोजतो तेव्हा म-रा-ठी अशी ३ भरतात. पायथनची ३.० ही आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी आली. तिने काय दुरुस्त केले आणि काय तसेच ठेवले, हे या तीन आकड्यांवरून बरेचसे सांगता येते.

आधी पंधराचे. संगणकाच्या पोटात अक्षरे नसतात, ० ते २५५ या आकड्यांचे सुटे बाइट असतात. युनिकोडने जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिला, पण तो क्रमांक साठवताना रूढ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो आणि देवनागरी चिन्हाला तीन लागतात. ‘मराठी’त चिन्हे पाच : म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. पाच त्रिक पंधरा. जुनी आवृत्ती मजकूर म्हणून हे बाइटच मोजत होती.

तिच्यात खऱ्या युनिकोड मजकुराचा वेगळा प्रकारही होता, पण दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळू दिले जात. इंग्रजीपुरते हे मिश्रण बिनबोभाट चाले. मराठी शब्द आला की प्रोग्रॅम आडवा पडे. ‘आस्की’ या इंग्रजीपुरत्या संचात हा बाइट बसत नाही अशी तक्रार येई, आणि तो बाइट नेहमी २२४ असे, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट तोच. म्हणजे लेखकाच्या टेबलावर निर्दोष ठरलेला प्रोग्रॅम परभाषेचा पहिला वाचक भेटताच कोसळे, आणि चूक त्या वाचकाच्या नावाची वाटे.

३.०ने मजकूर आणि बाइट यांची घरे वेगळी केली. मजकूर म्हणजे युनिकोड चिन्हांची माळ; बाइट हवे असतील तर ते सांगून मागायचे. दोन्ही मिसळू पाहिले तर भाषा तिथेच नकार देते, मजकूर इंग्रजी असला तरी. माझ्या मते या आवृत्तीचा सर्वांत न्याय्य बदल हाच.

बाकीचे बदलही जुन्या लेखनाशी फटकून होते. छापण्याची ‘प्रिंट’ ही आज्ञा कंसाशिवाय चालेनाशी झाली. ही चूक लगेच कळते, म्हणून ती फारशी छळत नाही. भागाकाराचा बदल मात्र अबोल होता. सात भागिले दोन याचे उत्तर पूर्वी ३ येई, आता ३.५ येऊ लागले. तक्रार कसलीच नाही, फक्त उत्तर निराळे.

आपल्याकडे १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, तरी त्याआधीची पुस्तके आपण वाचतोच. वाचक सांभाळून घेतो, यंत्र घेत नाही. म्हणून जुने प्रोग्रॅम पुन्हा लिहिणे भाग होते, आणि जग त्याला तयार नव्हते. पायथन २चा आधार २०१५ साली संपायचा होता, तो २०२०पर्यंत वाढवावा लागला. जुन्या भाषेत युनिकोड मजकुराआधी ‘यू’ लावत. ३.०ने तो हटवला आणि २०१२च्या ३.३ने परत आणला, कारण दोन्ही भाषांत चालेल असा प्रोग्रॅम लिहिणे त्याविना अवघड झाले होते. ही माघार मला शहाणपणाची वाटते.

उणिवा कर्त्यांनी लपवल्या नव्हत्या. एका ठरावीक चाचणीत ३.० ही २.५पेक्षा सुमारे १० टक्के मंद असल्याचे तिच्याच माहितीपत्रात नोंदवले होते. फायली वाचण्या-लिहिण्याचा भागही संथ होता, २००९च्या ३.१मध्ये तो सी भाषेत नव्याने लिहिला गेला. आणखी एक नोंद मला जास्त खटकते. एखाद्या फायलीचे नाव युनिकोडमध्ये उलगडता आले नाही, तर फोल्डरच्या यादीतून ती फाईल गुपचूप गळे. हेही ३.१ने सुधारले.

आता पाच आणि तीन. पायथन ३ चिन्हे मोजते, अक्षरे नव्हे. ‘क्षत्रिय’ आपल्याला तीन अक्षरी, तिला आठ चिन्हांचा. ‘मराठी’ उलटा करायला सांगितला तर रचा काना ठला जाऊन चिकटतो आणि वेलांटी आरंभी निराधार लोंबते. शब्दसूची करताना ‘शब्दातले वर्ण’ शोधणारी तिची रूढ खूण काना-मात्रेला वर्ण मानत नाही, त्यामुळे माझ्या पहिल्या सूचीत ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे पडले होते. क्रम लावतानाही ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येतो, कारण युनिकोडमधला त्याचा क्रमांक तसा आहे. आपल्या वर्णमालेत तो हच्या मागून येतो हे तिला कोण सांगणार?

सगळा दोष पायथनचा नाही. मजकुराचे अक्षरागणिक तुकडे कसे पाडावेत याचा नियम युनिकोडनेही दिला आहे, पण देवनागरी जोडाक्षर अखंड मानण्याची तरतूद त्यात २०२३च्या १५.१ आवृत्तीत आली. तोवर त्या नियमानेही क्षचे दोन तुकडे पडत.

मी माझा नियम केला. स्वर आणि व्यंजने मोजायची, आधी हलन्ताची खूण असेल तर ते व्यंजन सोडायचे, बाकी चिन्हांकडे पाहायचेच नाही. ‘मराठी’ तीन भरली, ‘क्षत्रिय’ही तीन.

मग अभंग घातले. माप चुकलेल्या चरणांत ‘वाऱ्या’, ‘दुसऱ्या’ असले शब्द बरेच निघाले आणि प्रत्येकात एक अक्षर जादा. चोपडी पाहावी तर चरण निर्दोष. हा अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका टंकणाऱ्याने ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरले होते. दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि पुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. ते जोडचिन्ह हलन्त आणि य यांच्यामध्ये येऊन बसल्याने माझा नियम फसत होता. जोडचिन्हे काढून पुन्हा मोजले. उरलेल्या चरणांची यादी घेऊन मंडळातल्या बुवांकडे गेलो. पहिलाच पाच अक्षरांचा चरण त्यांनी टाळावर म्हणून दाखवला आणि म्हणाले, “हा असाच आहे. इथं सूर लांबवतात.” दुसऱ्यावर मात्र ते थांबले, आणि चोपडी मागितली.