साडेतीन टक्के

समुद्र सह्याद्रीपलीकडे राहिलेल्या कोल्हापुरात वाळूची एवढी मातब्बरी असावी याचे मला नेहमीच नवल वाटत आले होते; आणि कणकवली तालुक्यातील कासार्डे परिसरातून घाट चढून आलेली पांढरट सिलिका वाळू शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत मालमोटारीतून उतरताना दृष्टीस पडली, तेव्हा ते नवल मला थेट एका फौंड्रीत घेऊन गेले. लाकडी नमुना, लोखंडी खोके, भट्टी, रस आणि घासकाम हा क्रम सर्वत्र सारखाच. मी रेंगाळलो तो वाळू मळणाऱ्या एका वयस्क कारागिरापाशी. त्यांना सारे मामा म्हणत.

बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी घालून मळलेली ती काळी वाळू मामांनी मुठीत आवळली, गोळा मधोमध मोडला, तुटलेल्या कडा निरखल्या आणि निवाडा दिला, “साडेतीन टक्के. जास्त झालं की रस उसळतोय बघा, कमी पडलं की साचा ढासळतोय.” प्रयोगशाळेची नोंदवही आहे, नाही असे नाही, परंतु ती भरली जाते ती मामांच्या मुठीनंतर. कोरड्या वाळूचा ढीग तेहेतीस-चौतीस अंशांहून अधिक उतार सोसत नाही, आणि तीच वाळू माती व साडेतीन टक्के पाणी यांच्या आधाराने उभ्या भिंतीसारखी ताठ राहून सुमारे १४०० अंशांचा लोखंडाचा रस अंगावर घेते, हे मी वाचले होते. पाहिले मात्र त्या दिवशी.

शिरोडा-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर वाळूची टेकडी घडते ती मात्र याच्या नेमकी विपरीत, कोरडेपणातून. तेथे ओलावा वाळूला जखडून ठेवतो, आणि ओहोटीनंतर पुळण सुकली म्हणजेच वाऱ्याची सत्ता सुरू होते. कण उचलला जातो, टप्पा घेऊन पडतो, पडताना शेजारच्या कणांना उडवतो. रॅल्फ बॅग्नॉल्ड यांनी १९४१ च्या आपल्या ग्रंथात या उड्यांचे गणित मांडले. अतिसूक्ष्म धूळ दूर उडून जाते, जाड खडे जागीच राहतात, आणि सुपात पाखडून घ्यावेत तसे एका मापाचे कण पुढे सरकतात. मर्यादवेलीपाशी वारा मंदावला की ते तेथेच पडतात. वेल गाडली जाते, पेरापेरांना मुळे फोडून पुन्हा वर येते, पुन्हा वाळू अडवते, आणि अशा रीतीने वाऱ्याच्या बाजूस सौम्य व पाठीमागे तीव्र उताराची टेकडी आकारास येते.

मग ही आयती पाखडलेली वाळू का आणत नाही, असे मी विचारले. “शिंपलं असतंय त्यात,” मामा म्हणाले. उत्तर अचूक होते: शिंपल्यातील चुना रसाच्या उष्णतेने विघटित होऊन वायू सोडतो, आणि ओतीव वस्तूत छिद्रे पडतात. शिवाय गारगोटीचा कण ५७३ अंशांना आपली अंतर्रचना बदलून एकाएकी फुगतो. एका मापाचे सारे कण एकदमच फुगले, तर साच्याचा पृष्ठभाग तडकतो. म्हणून ओतकामाला तीन-चार चाळण्यांत विभागलेली वाळू हवी असते. टेकडीचा गुण येथे दोष ठरतो, आणि माझ्या मते ते टेकडीचे भाग्यच. लाटांच्या उधाणापुढे ती जागेवर असणेच किनाऱ्याच्या हिताचे.

रस ओतला गेला, जळक्या कोळशाचा दर्प दाटला. परंतु मला अस्वस्थ केले ते नंतरच्या धुळीने. थंड साचे फोडताना रसालगतच्या वाळूत साडेतीन टक्क्यांतले काहीच उरलेले नसते. ती पार कोरडी पडते, फुटक्या कणांची पूड हवेत तरंगते. भिंतीवर सुरक्षिततेचे फर्मान रीतसर टांगलेले होते. मामांच्या नाकातोंडाला मात्र केवळ पंचा गुंडाळलेला. या धुळीने होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार बरा होत नाही, आणि कायद्याप्रमाणे त्याची खबर सरकारला देणे बंधनकारक आहे. वाळूतील ओलाव्याची नोंद ठेवणाऱ्या कारखानदारांनी हवेतील धुळीचीही नोंद त्याच वहीत, त्याच काटेकोरपणे ठेवावी, आणि मामांना पंचाऐवजी धुळीची योग्य मुखपट्टी द्यावी.