माहेरच्या आडनावाचा माग : जर्मन स्थलांतरित स्त्रीचा वंशेतिहास कसा शोधतात?

एकोणिसाव्या शतकात सुमारे ५० लाख जर्मन नागरिक अमेरिकेत स्थायिक झाले. त्यांचे वंशज आज आपल्या पूर्वजांचा शोध घेतात, तेव्हा पुरुषांचा माग बहुधा लागतो. स्त्रियांचा मात्र विवाहाच्या नोंदीपाशी तुटतो. विवाहानंतर आडनाव बदलत असे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण कायद्यात होते. १८५५ च्या अमेरिकी कायद्यानुसार पतीच्या नागरिकत्वाबरोबर पत्नीलाही नागरिकत्व मिळे. ही व्यवस्था १९२२ पर्यंत टिकली. परिणामी बहुतेक विवाहित स्त्रियांच्या नावे नागरिकत्वाचा स्वतंत्र अर्ज आढळत नाही.

त्यामुळे हा शोध अखेरच्या नोंदीपासून मागे नेला जातो. मृत्यूचा दाखला, थडग्यावरील मजकूर आणि तेथील जर्मन वृत्तपत्रांतील निधनवृत्त यांतून माहेरचे आडनाव किंवा जन्मगाव समजू शकते. १९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना व वर्ष, विवाहाला झालेली वर्षे, एकूण व हयात अपत्यांची संख्या आणि अमेरिकेत आल्याचे वर्ष नोंदवलेले आहे. १८९० च्या जनगणनेची बहुतांश कागदपत्रे मात्र १९२१ मध्ये वॉशिंग्टन येथे लागलेल्या आगीनंतर कायमची गेली.

पुढचा प्रश्न गावाचा असतो. जर्मनीचे एकीकरण १८७१ मध्ये झाले. त्यापूर्वीच्या नोंदींत जन्मस्थान म्हणून 'प्रशिया', 'बव्हेरिया' किंवा 'बाडेन' एवढेच लिहिलेले असते. संपूर्ण साम्राज्यात जन्म, विवाह व मृत्यूची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८७६ पासून सक्तीची झाली. त्याआधीची माहिती प्रामुख्याने गावोगावच्या चर्चच्या नोंदवह्यांत असल्याने नेमके गाव कळल्याशिवाय शोध पुढे सरकत नाही. अमेरिकेतील जर्मन चर्चच्या विवाह व दफन नोंदींत मूळ गावाचा उल्लेख सापडण्याची शक्यता अधिक असते.

जहाजांच्या प्रवासी याद्यांचाही आधार मिळतो. हॅम्बुर्ग बंदरातून निघालेल्यांच्या १८५० ते १९३४ या काळातील याद्या जतन झाल्या असून, त्यांत प्रवाशाचे पूर्वीचे राहण्याचे ठिकाण दिलेले असते. ब्रेमेन बंदराच्या एकोणिसाव्या शतकातील याद्या मात्र नष्ट झाल्या. न्यूयॉर्कचे एलिस बेट १८९२ मध्ये सुरू झाले; त्याआधी, १८५५ ते १८९० या काळात, स्थलांतरित 'कॅसल गार्डन' येथे उतरत.

गाव सापडल्यावर चित्र पालटते. जर्मन चर्चच्या विवाह-नोंदीत वधूचे माहेरचे आडनाव आणि सहसा वडिलांचे नाव व व्यवसायही असतो. मात्र या नोंदी 'कुर्रेंट' या जुन्या हस्तलिपीत आहेत. जुन्या नोंदींत स्त्रीच्या आडनावाला 'इन' हा प्रत्ययही जोडलेला दिसतो. म्युलर घराण्यातील स्त्री 'म्युलरिन' होते. बाप्तिस्म्याच्या वेळी दोन-तीन नावे ठेवण्याची प्रथा होती आणि व्यवहारात बहुधा शेवटचे नाव चाले. त्यामुळे नोंदवहीतील 'आना मारिया काथारिना' हीच अमेरिकेतील 'केट' असू शकते.

म्हणूनच केवळ नावाचे साम्य पुरावा ठरत नाही. वय, पती, अपत्ये आणि बाप्तिस्म्याचे साक्षीदार यांचा मेळ बसावा लागतो. हे साक्षीदार अनेकदा माहेरचेच नातलग असत. तो मेळ बसला, तर 'अमक्याची पत्नी' एवढीच ओळख उरलेल्या स्त्रीला तिचे आईवडील, भावंडे आणि गाव परत मिळते.