आधी कोणास जाऊ द्यावे?

हैदराबादेत १५ ऑगस्ट २००५ रोजी १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा सुरू झाली. पुढे अनेक राज्यांनी तो क्रमांक स्वीकारला. महाराष्ट्रात तो २०१४ पासून चालू आहे. अपघाताच्या जागी उभा असलेला एखादा वाटसरू हा क्रमांक फिरवतो, तेव्हा त्याच्या तोंडचे पहिले चार शब्द, म्हणजे जागेचे नाव, हेच सर्वांत मोलाचे असतात. त्यातील आरंभ गळून नुसते ‘गुट्टा’ एवढेच ऐकू आले, तर गाडी पंजागुट्ट्याला धाडावयाची की चंद्रायणगुट्ट्याला? दोन्ही ठिकाणे हैदराबादचीच. पण शहराच्या अगदी वेगळ्या भागांतली.

आजकाल मोठ्या कार्यालयांतील दूरध्वनी बहुधा संगणकांच्याच जाळ्यावरून चालतात. बोलणे, पत्रव्यवहार, चित्रे, रात्रीच्या दप्तराच्या नकला, सारे काही लहान लहान पॅकेटांत मोडून एकाच तारेने जाते. ही पॅकेटे जेथे एकत्र येतात ती पेटी म्हणजे स्विच. तिला २४ किंवा ४८ दारे असतात आणि त्यांतून आलेल्या गर्दीस पुढे जावयास बहुधा एकदोनच वाटा. वाट मोकळी असेल तोवर अग्रक्रम असून नसून सारखाच. गर्दी झाली की मात्र रांग लागते, आणि रांगेची जागा भरली की पॅकेटे टाकून दिली जातात.

टाकलेले पॅकेट फाइलीचे असेल तर फारसे बिघडत नाही. पाठविणारा संगणक ते पुन्हा धाडतो. बोलण्याचे तसे नाही. सामान्यतः दर सेकंदास ५० पॅकेटे निघतात, प्रत्येकात एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा आवाज. उशिरा आलेला आवाज न आल्यासारखाच. बोलणे एका टोकाहून दुसऱ्या टोकास १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावे, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. गंमत अशी की, आवाजाला जागा फार थोडी लागते. शंभर संभाषणांचा एका दिशेचा भार सुमारे ९ मेगाबिट, म्हणजे एक गिगाबिटच्या तारेचा शंभरावा हिस्साही नव्हे. त्याला हवी असते ती रुंद वाट नव्हे, वेळेवर वाट.

यासाठी पॅकेटावर शिक्का मारण्याची योजना आहे. हैदराबादच्या सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले त्याच १९९८ साली या शिक्क्यांचे दोन्ही प्रमुख नियम प्रसिद्ध झाले, हा एक योगायोग. एकात ० ते ७ अशा आठ पायऱ्या आहेत; दुसऱ्यात ६४ खुणा असून आवाजासाठी ४६ ही खूण रूढ आहे.

खरा प्रश्न शिक्का कोणी मारावयाचा हा आहे. प्रत्येक मोटारीने भोंगा बसविला तर रुग्णवाहिकेला कोण ओळखणार? म्हणून स्विचला प्रथम हे सांगावे लागते की, दूरध्वनी-यंत्रांनी मारलेला शिक्का मानावा आणि टेबलावरील संगणकाने स्वतःच मारलेला पुसून शून्य करावा. साहेबांचा संगणक सर्वांच्या पुढे असावा, ही मागणी अनेक कार्यालयांत होते. ती नम्रपणे नाकारणे हाही या कामाचाच एक भाग होय.

त्यानंतर आवाजाला स्वतंत्र रांग द्यावयाची. तीत काही असेल तोवर इतर रांगांनी थांबावयाचे. तथापि या रांगेलाही मर्यादा घालणे अगत्याचे असते. नाही तर एखादे बिघडलेले यंत्र तिच्यात पॅकेटांचा पूर सोडते आणि बाकीचे कामकाज उपाशी राहते. केंद्रातील कर्मचाऱ्यास आवाज स्पष्ट ऐकू येईल, पण जवळची गाडी दाखविणारा नकाशा पडद्यावर उमटणारच नाही! म्हणून नकाशा व नोंदी यांना दुसरी रांग, पत्रव्यवहारास तिसरी आणि दप्तराच्या नकलांना शेवटची, अशी ठरावीक प्रमाणात वाटणी करतात.

ही मांडणी एकाच पेटीवर करून भागत नाही. वाटेतील प्रत्येक स्विचने ती पाळावी लागते. कार्यालयाबाहेरच्या इंटरनेटवर या शिक्क्यांना मान मिळेलच असे नाही. तेथे सेवा पुरविणाऱ्या कंपनीशी वेगळा करार लागतो. आणि मांडणी झाल्यावर ऐन गर्दीच्या वेळी, कोणत्या रांगेतून किती पॅकेटे टाकली गेली याचा स्विचनेच ठेवलेला आकडा पाहावयाचा. आवाजाच्या रांगेपुढे तेथे शून्य असावे लागते.