नाण्याची पारख

सातारा ही छत्रपती शाहू महाराजांची राजधानी, तर मिरज व सांगली ही पटवर्धनांची ठाणी. या मुलखात शेत नांगरताना किंवा पडक्या वाड्याचा पाया उकरताना कधी कधी एखादे काळवंडलेले नाणे हाती येते. जुन्या वस्तूंच्या दुकानांतही अशी नाणी विकावयास मांडलेली असतात. त्यांतील खरोखर जुने कोणते आणि अलीकडे बनवून जुने म्हणून खपवलेले कोणते, हे कसे ओळखावे? हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. नाणे हे इतिहासाचा साक्षीदार असते. खोट्या साक्षीवर विसंबले तर न्याय चुकतो. तसेच खोट्या नाण्यावर विसंबले तर इतिहास चुकतो.

शिवराईचेच उदाहरण घेऊ. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. महाराजांनी आपल्या नावाचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. शिवराईच्या एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्रपति’ अशी देवनागरी अक्षरे असतात. पुढील छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही शिवराई पाडली जात होती.

ही नाणी हातांनी घडवलेली असत. कारागीर तांब्याचे तुकडे तोडून ते ठोकून चपटे करीत. खाली एक ठसा पक्का बसवलेला असे. त्यावर तुकडा ठेवून, वर दुसरा ठसा धरून घणाचा घाव घालीत. घाव कधी मधोमध बसे, तर कधी एका अंगास. शिवाय ठसा बहुधा तुकड्याहून मोठा असे. त्यामुळे संपूर्ण लेख एका नाण्यावर क्वचितच उमटे. कोठे ‘श्री’ अर्धी राही, तर कोठे ‘शिव’ काठाबाहेर जाई. दोन शिवराया एकाच ठशाच्या असल्या, तरी त्या हुबेहूब सारख्या नसतात.

खोटे नाणे पुष्कळदा ओतीव असते. खऱ्या नाण्याचा साचा घेऊन त्यात वितळलेला धातू ओततात. धातू थिजताना त्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि त्यांची बारीक छिद्रे वर दिसू लागतात. अक्षरांच्या कडा बोथट होतात. साच्याचे दोन भाग जेथे जुळतात, तेथे नाण्याच्या काठावर रेघ उठते. ती रेघ कानशीने घासून काढली, तर कानशीचे ओरखडे मागे राहतात. साधे भिंग घेतले तरी या खुणा पाहता येतात. आणखी एक खूण आहे. दोन नाण्यांवर तोच तुटका काना, तोच खड्डा आणि तीच चीर दिसली, तर त्यांतील निदान एक तरी नक्कल समजावी. घणाचे दोन घाव इतके सारखे पडत नाहीत!

दुसरी परीक्षा धातूची. सोने, चांदी किंवा तांबे यांना लोहचुंबक ओढत नाही. नाणे चुंबकाला चिकटले, तर आत लोखंड आहे हे उघड झाले. मुलामा ओळखण्यासाठी पाण्याची मदत घेतात. जेवढ्या पाण्याचे वजन १ ग्रॅम भरते, तेवढ्याच आकारमानाचे तांबे ८.९ ग्रॅम, चांदी १०.५ ग्रॅम आणि सोने १९.३ ग्रॅम भरते. समजा, ११.६ ग्रॅम वजनाचे तांब्याचे नाणे दोऱ्याने बांधून, पाण्यात बुडवून तोलले, तर ते सुमारे १.३ ग्रॅमने हलके भरेल. तेवढ्याच वजनाचे नाणे आतून जस्ताचे आणि वरून तांब्याच्या मुलाम्याचे असेल, तर ते सुमारे १.६ ग्रॅमने हलके भरेल. सोनाराच्या काट्यावर हा फरक स्पष्ट कळतो.

तिसरी परीक्षा इतिहासाची. शिवराईवर ‘१६७४’ हे साल इंग्रजी अंकांत कोरलेले दिसले, किंवा महाराजांची मुद्रा दिसली, तर ते नाणे त्या काळचे नव्हे. महाराजांची प्रतिमा असलेले दोन रुपयांचे नाणे भारत सरकारने काढले, ते १९९९ साली!

मात्र दिसेल तो दोष खोटेपणाचा मानू नये. खऱ्या शिवरायांवर ‘शिव’ हा शब्द ‘सिव’, ‘शीव’ किंवा ‘सीव’ असाही आढळतो. ठसे अनेक हातांनी कोरले गेले आणि लेखनाचे आजचे नियम तेव्हा नव्हते. मिरजेच्या टांकसाळीतील मराठ्यांच्या रुपयावर फारसी लिपीत दिल्लीच्या बादशहाचे नाव आणि मिरजेचे ‘मुर्तजाबाद’ हे नाव असे. म्हणून तो रुपया मराठ्यांचा नव्हे, असे म्हणता येत नाही. काही जुन्या रुपयांवर लहान टोचे दिसतात. आत खरी चांदी आहे की नाही, हे पाहण्यासाठी सराफांनी केलेल्या त्या खुणा होत.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. नाणे खोटे ठरवावयास एकच पक्का पुरावा पुरतो. पण ते खरे ठरवावयास एकच पुरावा पुरत नाही. शुद्ध तांब्यावर नवा ठसा मारून केलेले नाणे चुंबकाच्या आणि पाण्याच्या परीक्षेस उतरेल, पण अक्षरांच्या वळणात कदाचित पकडले जाईल. यासाठी घडण, धातू, वजन आणि लेख या सर्वांची साक्ष जुळावी लागते.

या साक्षी आपल्याच हातांनी पुसून टाकू नयेत. तांब्याची भांडी आपण चिंचेने घासून लख्ख करतो. जुन्या नाण्याला मात्र चिंच, राख किंवा वाळू लावू नये. त्यावरील हिरवट-तपकिरी थर अनेक वर्षांत चढलेला असतो आणि तज्ज्ञ तो भिंगाखाली तपासतात. घासलेले नाणे चमकते खरे, पण त्याचे वय सांगणारी खूण नाहीशी होते.

सर्वांत मोलाची साक्ष मात्र नाण्यावर नसून जमिनीत असते. नाणे कोणत्या शेतात, किती खोलीवर, कोणत्या भांड्यात आणि कशाच्या शेजारी सापडले, हे कळले तर त्याचा काळ ठरवणे सोपे जाते. म्हणून नाणी सापडताच ती वाटून घेऊ नयेत, वितळवू नयेत आणि जागाही उकरून विस्कटू नये. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. एखादे काळे, वेडेवाकडे नाणे तुम्हांस सापडले, तर ते वडील मंडळींना दाखवा आणि ती जागा नीट ध्यानात ठेवा. त्या नाण्याला जे सांगावयाचे आहे, ते ऐकणारे जाणते लोक येईपर्यंत ते जसेच्या तसे जपणे, एवढे काम तुम्हांलाही करता येईल.