आखातातील मुदतबाह्य माणसे

परदेशी नोकरीस गेलेला कोणी व्हिसाची मुदत संपल्यावरही तेथेच राहिला, असे कानावर आले की आपल्या मनात प्रथम येते ती त्याच्या लोभाची शंका. कायदा मोडला आहे, तर त्याने शिक्षा भोगावी, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. जाणूनबुजून मागे राहणारे लोक असतात आणि त्यांना पाठीशी घालण्याचे काही कारण नाही. परंतु 1973 च्या तेल-दरवाढीनंतर केरळातून, गोव्यातून आणि आपल्या रत्नागिरी-रायगडातून ज्या आखातात माणसांची रीघ लागली, तेथे हा हिशेब मांडण्यापूर्वी परवाना कोणाच्या हाती असतो, हे पाहावयास हवे.

तो मजुराच्या नावावर असला तरी त्याची दोरी मालकाच्या हाती असते. 'कफाला' पद्धतीत परदेशी कामगार एका जामीनदाराच्या, म्हणजे कफीलच्या, भरवशावर देशात राहतो. सौदी अरेबियात ज्याला इकामा म्हणतात, तो काढणे, मुदतीत त्याचे नूतनीकरण करणे आणि शुल्क भरणे ही कामे मालकाची. मालकाने शुल्क चुकविले की बेकायदा ठरतो तो मजूर! 'माणूस पळून गेला' अशी नोंद, म्हणजे 'हुरूब', मालकाने केली, तर त्याच्या हातातील कागदाला किंमतच उरत नाही. 'आझाद व्हिसा' म्हणून गावोगावचे दलाल जो विकतात, त्यात तर जामीनदार केवळ कागदावरचा असतो. मजूर काम दुसरीकडेच करतो. म्हणजे मुदत संपण्यापूर्वीच तो कायद्याबाहेर गेलेला असतो.

2016 साली हे सर्व एकदम उघड्यावर आले. तेलाचे भाव कोसळले होते, सरकारी कंत्राटांची देणी थकली होती आणि सौदी अरेबियातील बड्या बांधकाम कंपन्यांनी महिनोन् महिने पगार दिले नव्हते. हजारो भारतीय कामगार जेद्दा व रियाध येथील छावण्यांत अडकून पडले. अनेकांचे इकामे संपलेले होते, कारण कंपनीने त्यांचे नूतनीकरण केलेच नव्हते. मालकाच्या संमतीवाचून देश सोडता येत नव्हता आणि वैध परवान्यावाचून दुसरी नोकरी धरता येत नव्हती. भारतीय दूतावासाला छावण्यांत शिधा पोचवावा लागला. अखेर परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह यांना तेथे धाडावे लागले, तेव्हा मालकाच्या संमतीशिवाय बाहेर पडण्याची मुभा सौदी सरकारने दिली. या माणसांनी मुदत मोडली होती, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आता दंडाकडे पाहू. संयुक्त अरब अमिरातीत 2022 पासून मुदतबाह्य वास्तव्याचा दंड दिवसाला 50 दिरहम असा एकसारखा करण्यात आला. महिन्याचे 1500, वर्षाचे 18,250. ज्या मजुराचा पगारच दरमहा हजार दिरहमच्या आसपास होता आणि आता तोही थांबला, तो ही रक्कम आणणार कोठून? दंड दररोज चढत जातो, कमाई मात्र चोरून केलेल्या कामाची आणि म्हणून पडेल त्या मजुरीची. मजुरी बुडविली तरी तक्रार करण्याची सोय नाही. चौकीत गेल्यास तोच आत जायचा. आजारी पडला तर दवाखान्यात ओळखपत्र मागतील, ही धास्ती असते. ज्या माणसाने देशाबाहेर जावे अशी कायद्याची इच्छा, त्यालाच दंडाची भिंत बाहेर जाऊ देत नाही.

हा विरोधाभास तेथील सरकारांनाही कळतो. म्हणून तर अधूनमधून माफीच्या घोषणा होतात. सौदी अरेबियाने 2013 व 2017 मध्ये, कुवेतने 2018, 2020 व 2024 मध्ये, अमिरातीने 2007, 2012, 2018 व 2024 मध्ये अशी संधी दिली. 2013 च्या सवलतीत एक लाखाहून अधिक भारतीय मायदेशी परतले. इतक्या वेळा माफी द्यावी लागते, याचा अर्थ हा दंड वसूल होणारा नाही, हे दंड लावणाऱ्यांनाही मान्य आहे. 2021 मध्ये सौदी अरेबियाने नोकरी बदलण्याची व देश सोडण्याची बंधने बरीच सैल केली, परंतु घरकामगारांना त्यातून वगळले. ज्यांची हाक घराच्या भिंतीबाहेर येत नाही, त्या बायाच नेमक्या सुटल्या.

आपल्या बाजूचे चित्रही समाधानकारक नाही. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखालील व्यवस्थेत आखातात कामासाठी जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी लागते ती प्रामुख्याने दहावी उत्तीर्ण नसलेल्यांना. दहावी झालेला तरुण आपले हित स्वतः जाणतो, असे गृहीत धरलेले आहे. शिक्षकांनी हे वाचून हसावे की रडावे! अरबी भाषेतील करार त्याला कोणत्या इयत्तेत शिकविला? आणि दलाल त्याला भेटीच्या व्हिसावर पाठवितो, तेव्हा मंजुरीचा प्रश्नच उद्भवत नाही व सरकारदप्तरी कामगार म्हणून त्याची नोंदही राहत नाही.

माफीच्या काळात परतणाऱ्याच्या हाती पुष्कळदा पासपोर्टही नसतो. तो मालकाकडेच राहिलेला असतो. दूतावासाने दिलेल्या एकेरी प्रवासाच्या दाखल्यावर, ज्याला मजूर 'आउटपास' म्हणतात, तो मुंबईच्या विमानतळावर उतरतो. जाताना दलालाला देण्यासाठी गहाण टाकलेले बायकोचे दागिने सावकाराकडेच असतात आणि थकलेल्या पगाराचा दावा समुद्रापलीकडे. 2016 साली परतलेल्या अनेकांनी असे दावे दूतावासाच्या हाती सोपवून विमान पकडले होते.