राखीव वाटा, नोंदणी आणि ऑर्डर: पुरवठादारांचे गैरसमज

‘महिलांसाठी तीन टक्के सरकारी खरेदी राखीव आहे, नाव नोंदवलं की ऑर्डर येते,’ असं सांगणारा कोणीतरी औद्योगिक वसाहतीत हमखास भेटतो. ‘तिथे आपल्यासारख्यांचं काही चालत नाही,’ असं सांगणारा त्याच चहाच्या टपरीवर उभा असतो. पहिल्यावर विश्वास ठेवणारी उद्योजिका वर्षभर वाट पाहून खचते. दुसऱ्यावर विश्वास ठेवणारी हक्काची संधी न मागताच सोडून देते. मला दुसरं नुकसान जास्त मोठं वाटतं.

मूळ नियम आधी पाहू. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीचं सार्वजनिक खरेदी धोरण १ एप्रिल २०१२ पासून लागू आहे. केंद्र सरकारची खाती आणि केंद्राच्या सार्वजनिक कंपन्या यांनी वर्षाच्या एकूण खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करायची आहे. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. आधी हा एकूण वाटा २० टक्के होता. २०१८ मध्ये तो वाढवला आणि महिलांचा ३ टक्के वाटा तेव्हाच आला. मुंबईचं माझगाव डॉक आणि हिंदुस्थान पेट्रोलियम, खडकीची म्युनिशन्स इंडिया, ओझरला विमानं बांधणारी हिंदुस्थान एरोनॉटिक्स, वास्कोचं गोवा शिपयार्ड, या सगळ्यांना हे बंधन आहे.

पण हे टक्के वर्षाच्या एकूण खरेदीवर मोजतात, एकेका टेंडरवर नाही. शिवाय अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांनी टेंडरच भरलं नाही, किंवा त्यांचा दर जुळला नाही, तर तो ४ टक्क्यांचा वाटा इतर लघुउद्योगांकडून भरून काढायची तरतूद धोरणातच आहे. म्हणजे आपण गेलो नाही तर आपला वाटा आपल्यासाठी थांबून राहत नाही.

सगळ्यात मोठा घोळ पंधरा टक्क्यांचा आहे. ‘आपल्याला पंधरा टक्के जास्त दर मिळतो’ हे मी इतक्या वेळा ऐकलंय की ते सविस्तर सांगायलाच हवं. समजा, सर्वात कमी दर, म्हणजे एल-वन, एका मोठ्या कंपनीने नगाला १०० रुपये भरला आणि तुम्ही ११२ रुपये. तुमचा दर ११५ च्या आत आहे, म्हणून तुम्हाला विचारलं जातं: शंभरला देता का? हो म्हटलंत तर एकूण मालापैकी २५ टक्क्यांपर्यंतची ऑर्डर लघुउद्योगाला मिळते. या पंधरा टक्क्यांच्या पट्ट्यात असे अनेक लघुउद्योग असले तर तो हिस्सा त्यांच्यात वाटला जातो. पैसे मात्र शंभरच्याच दराने. तुम्ही ११८ भरले असते तर कोणी विचारलंच नसतं. तेव्हा टेंडर भरण्याआधीच मजुरी, वीज, कच्चा माल आणि वाहतूक धरून आपला तळाचा दर काढून ठेवावा. पंधरा टक्क्यांच्या भरवशावर दर फुगवला आणि नंतर शंभरला माल द्यावा लागला, तर ऑर्डर मिळूनही तोटा होतो.

‘उद्यम’ नोंदणी झाली म्हणजे पुरवठादार झालो, हाही असाच समज. उद्यम क्रमांक फक्त तुमचा उद्योग सूक्ष्म, लघु की मध्यम ते सांगतो. माल विकायला सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर किंवा त्या त्या कंपनीच्या वेंडर यादीत वेगळं नाव घालावं लागतं. तांत्रिक मालासाठी कारखान्याची पाहणी आणि नमुन्याची चाचणीही होऊ शकते. उद्यमची नोंदणी १ जुलै २०२० पासून सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. कागद जोडावे लागत नाहीत, आधार आणि पॅन लागतो, जीएसटी लागू असेल तर तो क्रमांक. सरकारी वाटणाऱ्या नावाच्या संकेतस्थळांवर ‘प्रमाणपत्र शुल्क’ भरू नका.

व्यापाऱ्यांची निराशा इथे होते. जुलै २०२१ पासून घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. खरेदी धोरणाचा लाभ स्वतः माल बनवणाऱ्याला किंवा स्वतः सेवा देणाऱ्याला आहे. बांधकामाची कंत्राटंही त्यात येत नाहीत.

मग मालकीचं. राखीव वाट्यासाठी भागीदारीत किंवा खासगी कंपनीत किमान ५१ टक्के हिस्सा महिलांचा किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींचा असावा लागतो. कागदोपत्री बायकोचं नाव घालायचं आणि कारभार नवऱ्याने करायचा, ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. तिच्यामुळे खऱ्या उद्योजिकांच्या वाट्याचा घास पळवला जातो, हे कोणीतरी स्पष्ट बोलायला हवं. खासगी बहुराष्ट्रीय कंपन्यांकडे जाताना तर हे उघडंही पडतं. त्यांना २५ टक्क्यांचा सरकारी नियम बंधनकारक नाही. विविधता-धोरण असेल तर ते त्यांचं स्वतःचं असतं. त्यासाठी त्या वीकनेक्ट इंटरनॅशनलसारख्या संस्थांचं प्रमाणपत्र पाहतात. तिथे ५१ टक्के मालकीबरोबर व्यवस्थापन आणि नियंत्रणही स्त्रीच्याच हाती आहे का, ते तपासतात. बँकेत सही कोणाची, दर कोण ठरवतं, कामगार कोण नेमतं, याची उत्तरं तिला स्वतःला देता यायला हवीत. दलित उद्योजकांना मार्गदर्शन हवं असेल तर २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेली डिक्की ही दलित उद्योजकांची संघटना आणि केंद्राचं राष्ट्रीय एससी-एसटी हब हे दोन पत्ते लक्षात ठेवावेत.

अनामत सगळीच माफ असते, असंही नाही. टेंडरचा कागद मोफत मिळतो आणि बयाणा रक्कम माफ होते. पण ऑर्डर मिळाल्यावर काम पुरं करण्याची जी हमी अनामत भरायची, ती माफ नाही. तिच्यासाठी खेळत्या भांडवलातून पैसे अडकतात, म्हणून बँकेशी आधीच बोलून ठेवा.

‘सरकारी पैसा बुडतो’ या भीतीने अनेक जण मागे फिरतात. पैसा उशिरा येतो, हे खरं आहे. पण लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, तेही दरमहा चक्रवाढीने. खासगी खरेदीदारालाही हाच नियम आहे. तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येते, मात्र त्यासाठी पुरवठ्याच्या आधी काढलेला उद्यम क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेलं डिलिव्हरी चलन आणि माल स्वीकारल्याची लेखी नोंद हाताशी हवी. गेटवर ट्रक रिकामा होताच ती सही मागून घ्या.